तांबे संपले की शैवाल काय करते?

पाणी बदलले म्हणून एकपेशीय शैवालाला दुसरीकडे बिऱ्हाड हलवता येत नाही. खनिजे संपोत वा ऊन तापो, जगण्याची तजवीज पेशीच्या आतच करावी लागते. ही तजवीज जनुकांच्या पातळीवर होते.

जनुक म्हणजे प्रथिन तयार करण्याची डीएनएमध्ये नोंदलेली सूचना. पेशीत सगळ्या सूचना असतात, पण सगळ्या एकाच वेळी वाचल्या जात नाहीत. वाचलेल्या सूचनेची आरएनए या रेणूच्या रूपात नक्कल निघते आणि तीवरून प्रथिन बनते. कोणत्या जनुकाच्या किती नकला निघतात, यावरून त्याची सक्रियता कळते.

याचा एक नीट उलगडलेला नमुना म्हणजे क्लॅमिडोमोनास हे माती आणि गोड्या पाण्यातले हिरवे शैवाल. त्याची पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी असते. प्रकाशसंश्लेषणात तिला इलेक्ट्रॉन एका प्रथिनसमूहाकडून दुसऱ्याकडे पोचवावे लागतात. हे काम प्लास्टोसायनिन नावाचे प्रथिन करते आणि त्याच्या प्रत्येक रेणूला तांब्याचा एक अणू लागतो.

पाण्यातले तांबे संपले की सीआरआर-१ हे नियंत्रक प्रथिन कामाला लागते. डीएनएच्या ठरावीक तुकड्यांना चिकटून ते सायटोक्रोम सी-६ या पर्यायी प्रथिनाचे जनुक सुरू करते. या प्रथिनाला तांब्याऐवजी लोह चालते. उरलेसुरले तांबे पेशीत ओढून घेणाऱ्या प्रथिनांची जनुकेही त्याच वेळी जागी होतात. विशेष म्हणजे प्लास्टोसायनिनच्या जनुकाच्या नकला निघतच राहतात. प्रथिन मात्र मोडले जाते. त्यातून सुटलेले तांबे श्वसनासाठी लागणाऱ्या विकराला मिळते. म्हणून केवळ आरएनए मोजून पेशीचा पुरता हिशेब लागत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या तडजोडीला मर्यादा आहेत. नत्र तुटले की हेच शैवाल तेल आणि स्टार्च साठवते, पण पेशींचे विभाजन थांबते. शैवालापासून इंधन काढण्याच्या योजना याच पेचात अडकतात: उपाशी शैवाल तेल देते, पण वाढत नाही.

समुद्रात प्रश्न अधिक मोठा होतो. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा वाटा सागरी सूक्ष्मजीवांचा आहे आणि तिथे अनेक भागांत लोहाचीच वानवा असते. त्यामुळे अनेक डायटम, म्हणजे काचेसारखे कवच असलेली शैवाले, फेरेडॉक्सिन या लोहयुक्त प्रथिनाऐवजी बिनलोहाचे फ्लॅव्होडॉक्सिन वापरतात. थॅलॅसिओसिरा ओशिॲनिका या डायटमने तर क्लॅमिडोमोनासच्या उलट वाट धरली आहे: त्याचे काम तांब्याच्या प्लास्टोसायनिनवर चालते, असे २००६ मध्ये दिसून आले.

नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या अखेरीस पश्चिम अरबी समुद्रात नायट्रेट मुबलक असूनही शैवाल अपेक्षेइतके वाढत नाही. लोहाची टंचाई हे त्याचे कारण असावे, अशी मांडणी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी इतरांच्या साथीने २०१० मध्ये केली. उपग्रह हरितद्रव्याचा अंदाज देतो. टंचाई कशाची आहे, याचा माग शैवालाच्या आरएनएमधून काढता येतो. म्हणून समुद्राच्या नेहमीच्या मोजणीत तापमान आणि क्षारतेच्या जोडीला आरएनएलाही जागा मिळायला हवी. आरएनए फार टिकत नाही. पाणी जहाजावरच गाळून गाळणकागद लगेच गोठवावा लागतो. ही सोय सफरीच्या अंदाजपत्रकातच धरली पाहिजे.