जत्रा रोज भरत नाही

परवा रात्री अडीचच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, तर माजघरात निळसर उजेड दिसला. नववीतला नातू गोधडीत मोबाईल धरून बसला होता. परदेशातली एक व्हिडिओ गेमची कंपनी नव्या खेळांची घोषणा करणार होती. तिथली दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. सकाळी विचारले, ‘‘काय मिळालं रे?’’ तो डोळे चोळत म्हणाला, ‘‘काही नाही आजोबा. ज्याची वाट बघतोय त्याचं नुसतं नाव दाखवलं. मागच्या वेळी पण नावच दाखवलं होतं.’’

असले सोहळे कंपन्यांनी वर्षातून किती वेळा करावेत, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात घोळतो आहे. करमाळ्यातल्या निवृत्त मास्तराने यात नाक का खुपसावे, असे कुणी म्हणेल. पण घोषणा आणि प्रत्यक्ष माल यांच्यातले अंतर आमच्या भागाला कुणी शिकवायला नको. भीमा आणि सीनेच्या मधला हा तालुका. उजनीचे पाणी उशाला आणि टंचाई पाचवीला पुजलेली. पाणी कधी सुटणार, या एका बातमीकडे डोळे लावून इथल्या माणसांनी उन्हाळे काढले आहेत.

आमच्याकडे माणसे गोळा करण्याच्या तीन रीती होत्या : आठवडी बाजार, कमलाभवानीची कार्तिकी जत्रा आणि दवंडी. बाजार आठवड्याला भरतो, कारण भाजीपाला आठवड्याला तयार होतो. जत्रा वर्षातून एकदा, कारण पाळणेवाल्यापासून मिठाईवाल्यापर्यंत सगळ्यांना तयारी लागते आणि गिऱ्हाइकालाही चार पैसे साठवावे लागतात. दवंडीला तर वारही ठरलेला नसे. टोचणीसाठी डॉक्टर येणार असला, पाणी सुटणार असले, की कोतवाल हलगी वाजवत गल्लीतून जाई. म्हणूनच हलगी ऐकली की हातातले काम टाकून माणूस दारात येई. तोच कोतवाल रोज संध्याकाळी येऊन ‘लवकरच काही तरी कळवू’ असे सांगता, तर चौथ्या दिवशी कुणी उंबरठाही ओलांडला नसता.

खेळांच्या धंद्यातही अशी एक मोठी जत्रा होती. अमेरिकेत ‘ई-थ्री’ नावाचे प्रदर्शन १९९५ पासून भरू लागले. जगभरच्या कंपन्या वर्षभराचा माल तिथे मांडत. पुढे इंटरनेटमुळे थेट गिऱ्हाइकाच्या घरात बोलता येऊ लागले. जपानच्या निन्टेन्डोने २०११ च्या ऑक्टोबरमध्ये ‘निन्टेन्डो डायरेक्ट’ हे स्वतःचे प्रक्षेपण सुरू केले आणि २०१३ पासून ई-थ्रीतला मोठा रंगमंचीय कार्यक्रम सोडला. सोनीने २०१९ मध्ये ‘स्टेट ऑफ प्ले’ काढले. माणसांनी भरलेले ई-थ्री त्याच वर्षी शेवटचे झाले आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते कायमचे बंद झाल्याचे जाहीर झाले. जत्रा मोडली आणि प्रत्येकाने आपापली हलगी गळ्यात अडकवली.

यात वाईट काय, असे विचारता येईल. जत्रेलाही दोष होताच. जून आला की माल तयार असो-नसो, काही तरी मांडावेच लागे. निन्टेन्डोने जून २०१७ मध्ये ‘मेट्रॉइड प्राइम ४’चे नुसते नाव दाखवले. जानेवारी २०१९ मध्ये काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करत असल्याचे कंपनीने कबूल केले. खेळ हातात आला तो डिसेंबर २०२५ मध्ये. घोषणेच्या वेळी चौथीत असलेले पोर तोवर बारावीला पोचले. पोलंडच्या कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ जाहीर झाला २०१२ मध्ये आणि आला डिसेंबर २०२० मध्ये. तोही इतका कच्चा, की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि गिऱ्हाइकांना पैसे परत देऊ केले.

सोहळेच नकोत, असे मात्र मी म्हणणार नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने ‘राजी’ नावाचा, आपल्या पुराणकथांवर बेतलेला खेळ केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता. पण १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डोच्या छोट्या निर्मात्यांसाठीच्या प्रक्षेपणात ‘राजी’ झळकला आणि त्याच दिवशी विक्रीलाही आला. पुण्याची एवढीशी कंपनी जगाला एरवी कशी दिसली असती? पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२२ मध्ये जाहीर केलेला ‘इंडस’ हा खेळ यायला मात्र ऑक्टोबर २०२४ उजाडला. आमच्या नातवाने त्यासाठी नाव नोंदवले होते. खेळ आला तेव्हा त्याचे निम्मे मित्र दुसऱ्याच खेळात रमले होते.

या प्रकाराची दुसरी बाजू मला पुतण्यामुळे कळली. तो पुण्यात अशाच एका कंपनीत चित्रकाराचे काम करी. नाव सांगत नाही. एका वर्षी सोहळा ठरला आणि तीन आठवडे सगळी मंडळी दोन मिनिटांच्या फितीला जुंपली. कार्तिकीला येतो म्हणालेला पोरगा आला नाही. वहिनी देवीच्या माळावर एकटीच ओटी भरून आली. नंतर फोनवर तो म्हणाला, ‘‘काका, त्या फितीतला किल्ला खेळात नाहीच. फक्त दाखवण्यापुरता केला होता. आता लोक विचारतील म्हणून तो खेळात घालायचाय, आणि मूळ काम तसंच पडलंय.’’ हे ऐकून मी गप्पच झालो. सोहळ्याचा खर्च फक्त मांडवाचा नसतो. तो करणाऱ्यांच्या रात्रींतून जातो आणि शेवटी मालाच्या दर्जातून वसूल होतो.

व्यापारी म्हणेल, दिसत राहिले नाही तर लोक विसरतील. भागधारकांनाही दर तीन महिन्यांनी काही तरी दाखवावे लागते. पण आमच्या बाजारात ज्याची ज्वारी चांगली, त्याला आरोळी ठोकावी लागत नाही. लोक त्याचा पालच शोधत येतात.

तेव्हा किती वेळा, याचे माझे उत्तर साधे आहे. मोठा सोहळा वर्षातून एकदा, ठरल्या वेळी. पुढच्या जत्रेच्या आत हातात पडेल तेवढेच त्यात मांडावे. एरवी दवंडी : लहान, कामापुरती, तारीख पक्की झाल्यावर किंवा उशीर होणार असल्यावर. उशिराची दवंडी तर आधी पिटावी, कारण पाणी येणार नाही हे वेळेवर कळले तर शेतकरी पेरणी तरी बदलतो. आणि सांगण्यासारखे काही नसेल तेव्हा हलगी खुंटीवर राहू द्यावी. त्यात कमीपणा नाही.

नातवाला मी रागावलो नाही. या वयात वाट पाहण्यातही सुख असते, ते मी कशाला हिरावून घेऊ? माझे म्हणणे कंपन्यांना आहे. शाळेत जाणाऱ्या पोरांना रात्री अडीचला उठवायचेच असेल, तर निदान त्यांच्या हातात काही तरी ठेवा.