करपलेला हिरवा, घरभर

नगरात सावेडीपासून केडगावपर्यंत कुठेही नव्या फ्लॅटची वास्तुशांत असली की आतल्या भिंतींचा रंग मी आता चपला काढता काढताच सांगतो. हॉल हिरवा, बेडरूम हिरवी, पोरांची खोली हिरवी, स्वयंपाकघर हिरवं, आणि हात धुवायला गेलो तर बेसिनही हिरव्याच भिंतीला टेकलेलं. बरं, हिरवा तरी कसा? पोपटी नाही, कैरीचा नाही, चुड्याचा तर नाहीच. राख कालवलेला, जीव गेलेला, विचारल्याशिवाय हिरवा आहे हेही कळू नये असा. ‘मामा, हा सेज आहे,’ भाचेसून मला समजावते, ‘सगळ्या घराला एक फ्लो येतो.’ येत असेल. मला त्यात फक्त एवढंच दिसतं, की माणसं गृहकर्ज काढून नगर जिल्ह्यात दुष्काळ आणतायत आणि तो पुट्टीवर दोन हात देऊन पक्का करतायत.

मी उगाच ताणत नाही. पाथर्डी, जामखेड, कर्जत या भागातल्या कोरडवाहू रानात रब्बी ज्वारीला पाण्याचा ताण बसला की काय होतं ते ज्याने बांधावर उभं राहून पाहिलंय, त्याला विचारा. पानाची चकाकी आधी जाते. मग ते निळसर, राखाडी दिसायला लागतं आणि दुपारच्या उन्हात स्वतःची सुरळी करून घेतं. रात्रीत सुरळी उलगडली तर शेतकरी सुटकेचा श्वास टाकतो. सकाळीही ती तशीच दिसली तर तो कुणाशी फारसं बोलत नाही. आमच्या जिल्ह्यात त्या छटेला हजारो घरांतली काळजी चिकटलेली आहे. भाचेसुनेच्या घरी जामखेडकडची तिची आजी आली होती. म्हातारीने हॉलमध्ये चौफेर नजर फिरवली आणि म्हणाली, ‘समदं सुकल्यावाणी दिसतंय गं.’ पोरं हसली. मला हसू आलं नाही, कारण खोलीत रंग नीट ओळखणारी ती एकटीच होती.

हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटरांच्या वर, आणि तितकाच दुभंगलेला. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीला पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. दक्षिणेला कर्जत-जामखेडला पाचशे-सहाशेच्या आसपास पडला तरी बरं साल म्हणतात. २०१९ च्या उन्हाळ्यात याच जिल्ह्यात माणसं जनावरांसोबत चारा छावण्यांत राहत होती. वर्षाचे सात-आठ महिने आमच्या नजरेला काय पडतं? धुळीने माखलेली बाभळ, वाळकं कुसळी गवत, रस्त्याकडेची मातकट झाडं. मळकट हिरवा इथे फुकट आणि ढिगाने मिळतो. बाहेर भरून सांडलेली वस्तू बादलीने विकत आणून बेडरूममध्ये लावायची, याला अभिरुची म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

ज्यांच्या दाराशी खरा हिरवा आहे त्यांच्या घरांकडे एकदा बघा. कळसूबाईच्या पायथ्याची, भंडारदऱ्याच्या आसपासची महादेव कोळी आणि ठाकर समाजाची जुनी घरं म्हणजे कारवीचा कूड आणि त्यावर शेणामातीचा हात. बाहेर आषाढ-श्रावणात डोळे दिपतील इतका हिरवा पसरलेला असताना आत मातीचा उबदार रंग. आत हिरवा न्यायची त्यांना गरजच पडली नाही. प्रवराकाठचा ऊसपट्टा घ्या. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी १९५० च्या सुमारास लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्या भागाचा रंगच पालटला. तो रंग पाटाच्या पाण्याने आला. शेडकार्डातून आला नाही. (त्या उसाने पाण्याचं काय केलं हा वेगळ्या लेखाचा विषय, आणि तो लिहिला तर अर्धा जिल्हा माझ्याशी बोलणं सोडेल.)

त्याहून मागे जा. निजामशहांना या कोरड्या मुलखात हिरवळ हवी होती, तेव्हा त्यांनी काय केलं? दूरवरून खापरी नळांनी शहरात पाणी आणलं. हश्त बिहिश्त बाग लावली. भिंगारजवळ मोठ्या तळ्याच्या मधोमध फराहबागेचा महाल बांधला, तो १५८३ मध्ये पुरा झाला. आज तळं आटलेलं आहे आणि महालाचा चुन्याचा गिलावा जागोजागी निखळलाय, पण त्या माणसांचा हिशोब अजून वाचता येतो: हिरवं हवं असेल तर पाणी आणा, झाडं लावा, आणि भिंत चुन्याची ठेवा म्हणजे उन्हाळ्यात आत जीव राहील. आपण हा हिशोब उलटा केला. दारातला कडुनिंब पार्किंगला आडवा येतो म्हणून पाडला, अंगणाला पेव्हर ब्लॉक ठोकले, तुळस ग्रिलमध्ये टांगली, आणि मग ‘घरात निसर्ग हवा’ म्हणून भिंती हिरव्या केल्या.

हा रंग नवा आहे हाही एक भ्रमच. १९१४ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतल्या हॅरी शर्मन नावाच्या शल्यविशारदाने शस्त्रक्रियेची खोली पालकाच्या भाजीसारख्या हिरव्या रंगात रंगवून घेतली. कारण साधं होतं. पांढऱ्या भिंती आणि पांढऱ्या चादरींवरून परतणारा झगझगाट डोळ्यांना सोसत नव्हता, आणि सतत लाल रक्ताकडे बघणाऱ्या नजरेला हिरव्यावर विसावा मिळतो. तिथून तो जगभरच्या इस्पितळांत गेला, मग कचेऱ्यांत, आणि आपल्याकडे सरकारी इमारतींच्या भिंतींवर कमरेएवढ्या ऑइलपेंटच्या पट्ट्यात येऊन बसला. सरकारी दवाखाना, पोलीस ठाणं, एसटी स्टँडची चौकशी खिडकी: माझ्या पिढीने हा हिरवा रांगेत उभं राहून पाहिलाय. त्या पट्ट्यातून सुटण्यासाठी आमच्या बापांनी घराला पांढरा चुना दिला, जमलं तर गुलाबी डिस्टेंपर लावला. आता त्यांची नातवंडं तोच पट्टा छतापर्यंत चढवून त्याचे जादा पैसे मोजतायत. एवढं मात्र मानावं लागेल, की एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय श्रीमंतांपेक्षा आपण सुखी आहोत. शीले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये तयार केलेल्या हिरव्यात आर्सेनिक होतं, आणि त्यांच्या हौसेच्या हिरव्या वॉलपेपरातही असलीच आर्सेनिकची रंगद्रव्यं असायची. आपला हिरवा फक्त कंटाळा आणतो.

आता रंगाच्या दुकानातलं मशीन बघा. पांढऱ्या बेसचा डबा खाली ठेवतात, कोड दाबतात, वरून थेंब पडतात. थोडे हिरव्याचे, थोडे पिवळ्याचे, आणि मग या दोघांचा उत्साह मारायला काळ्याचे किंवा तांबड्याचे. त्या शेवटच्या थेंबांनाच लोक ‘क्लासी’ म्हणतात. डबा गदागदा हलवून हातात देतात आणि इथून पुढची कहाणी कुणी सांगत नाही. चांगली पांढरी भिंत अंगावर आलेल्या उजेडापैकी सुमारे ऐंशी टक्के परत देते. मधल्या छटेचा मळकट हिरवा निम्मासुद्धा देत नाही. एका भिंतीला तो असला तर उरलेल्या तिघी सांभाळून घेतात. चारही भिंती तशाच झाल्या की खोलीतला उजेडच हिरवट होतो आणि तो माणसांच्या तोंडावर पडतो. परवा एका घरी मुलगी बघायचा कार्यक्रम होता. पांढऱ्याफटक एलईडीखाली मुलगा काविळीतून उठल्यासारखा, मुलगी तापातून, आणि बशीतले पोहे सगळ्यांपेक्षा ताजेतवाने. लग्न जमलं. त्याचं श्रेय पोह्यांना.

सकाळी हा रंग एक दिसतो, दुपारी पश्चिमेच्या उन्हात शेणकट होतो, ट्यूबखाली राखाडी. दुकानातल्या दोन बोटं रुंदीच्या चौकोनावरून घर ठरवणाऱ्यांना हे गृहप्रवेशानंतर कळतं. आणि मॅट फिनिश! सहा महिन्यांनी दिवाणामागे जा. जिथे घरातला कर्ता डोकं टेकून बातम्या बघतो, तिथे खोबरेल तेलाचा गोल उमटलेला असतो. स्वयंपाकघरात ओट्यामागे हळदीच्या फोडणीचे शिंतोडे पडतात. पांढऱ्यावर ते पिवळे दिसतात आणि पुसावेसे वाटतात, या हिरव्यावर त्यांचा चिखल होतो. देव्हाऱ्यामागे निरांजनाची काजळी. मग रंगाऱ्याला टचअपला बोलवावं तर तो डोकं खाजवतो, कारण वर्षभर उन्हाधुळीत मुरलेल्या भिंतीवर आजचा नवा डबा ठिगळासारखा उठून दिसतो. शेवटी सगळी भिंत करा. एक केली की शेजारची जुनी दिसते, म्हणून तीही करा. ‘फ्लो’ म्हणतात तो हाच असावा.

माझा खरा राग ‘घरभर’ या हट्टावर आहे. नगरकडच्या जुन्या माळवदाच्या घरात प्रत्येक खोलीच्या रंगाला काम नेमून दिलेलं असे. बाहेरच्या भिंतीला पांढरी माती, ती ऊन परतवते. दिवाळीच्या तोंडावर भट्टीचा चुना भिजवायचा, त्यात चिमूटभर नीळ, म्हणजे पांढरा पिवळा पडत नाही. ओल्या चुन्यापुढे बुरशी आणि किडे टिकत नाहीत हा वरचा फायदा. चूल जिथे, तिथली भिंत दर काही दिवसांनी पोतेऱ्याने सारवायची, कारण ती काळी होणारच आहे हे गृहीत धरलेलं. पुढे पैसा आला तेव्हा बैठकीला निळा, माजघराला पोपटी, कोनाड्याला गेरू. भडक? हो, भडक. पण माणूस एका खोलीतून दुसरीत गेला हे त्याला कळत होतं. आता हॉलमधून बेडरूममध्ये जाताना आपण कुठूनतरी निघालो याचा पुरावा फक्त पंख्याची कंपनी बदलते तेवढाच. कालनिर्णय लावायला खिळा ठोकायची परवानगी नाही, आजोबांचा फोटो ‘थीममध्ये बसत नाही’ म्हणून कपाटात. ज्या घरात हिरवा चुडा भरून सून येते त्या घराला रसरशीत हिरवा ‘गावंढळ’ वाटायला लागलाय.

या मळकट हिरव्याच्या यशाचं कारण मला वेगळंच दिसतं. आमच्याकडे रंगांना झेंडे आहेत. हिरवा, भगवा, निळा म्हटलं की माणसं आधी तुमचं आडनाव आठवतात आणि मग तुमच्या भिंतीकडे बघतात. हा मेलेला हिरवा कुणाच्याच झेंड्यावर नाही. तो लावला की कुणी काही विचारत नाही, कुणाला काही आवडत नाही, कुणाला काही खुपत नाही. घराच्या भिंतीवरसुद्धा स्वतःची आवड जाहीर करायची भीती वाटणाऱ्यांसाठी तो बेतून केलेला आहे.

‘मनाला शांती मिळते’ हा ठेवणीतला युक्तिवाद. घोडेगावच्या बाजारात कांद्याचा भाव पडला की कुठल्या छटेने मन शांत होतं ते मला दाखवा. एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेल्याला झोप लागते ती पडदा ओढल्याने आणि शेजारचा डीजे बंद झाल्याने. शांती भिंतीला मागायची, आणि मिळाली नाही की तीन वर्षांनी वेगळी छटा मागायची, यात शांत होतो तो फक्त रंगवाला.

हिरवा आवडत असेल तर एका भिंतीला लावा, आणि लावताना घाबरू नका: पोपटी लावा, मोरपंखी लावा. त्याआधी हातभर चौकोन रंगवून तो दुपारी दोनला आणि रात्री दिव्याखाली बघा. बाकी भिंती पांढऱ्या राहू द्या. आणि रंगारी यायच्या आधी, पार्किंगसाठी कडुनिंब तोडायला ज्याला सांगून ठेवलंय त्याला फोन करून नको म्हणा. महाराष्ट्रात शहरी हद्दीतलं झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड तुमच्याच अंगणातलं असलं तरी.