शाळेला नाव कुणाचं?



श्रावणातल्या बैठकीत आपण ठरवलं की आपल्या वस्त्यांची स्वतःची शिक्षण संस्था काढायची. ती काय करणार हे तासाभरात ठरलं. रात्रीचा वर्ग चालवायचा. दसऱ्यानंतर माय-बाप ऊसतोडीला गेले की जी लेकरं आजी-आजोबांकडं मागं राहतात त्यांच्या जेवणाची आणि अभ्यासाची सोय करायची. मोठ्या माणसांना सातबारा, फेरफार आणि फॉरेस्टची नोटीस स्वतः वाचता यावी म्हणून आठवड्यातून दोन दिवस वेगळं बसायचं. यावर कुणाचं दुमत झालं नाही. मग नावाचा विषय निघाला आणि अर्धी रात्र गेली. नाव काही ठरलं नाही. दुसऱ्या दिवशी काही जण चिडून म्हणाले, काम राहिलं बाजूला अन् नुसत्या नावावर रात्र घालवली.

आम्हाला ती रात्र वाया गेली असं वाटत नाही. आपल्याइतकं नावाचं मोल कुणाला ठाऊक असणार? आपली अख्खी लढाई सातबाऱ्यावरच्या एका ओळीसाठी आहे. वावर कसतो एक आणि कब्जेदाराच्या रकान्यात नाव दुसऱ्याचं. १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकात कुणाच्या आजाचं नाव आलं आणि कुणाचं राहिलं, यावर आज इतक्या वर्षांनी पोरं कोर्टाचे हेलपाटे घालतात. फॉरेस्टच्या पंचनाम्यात तर आपलं नाव येतं, पण त्याच्यापुढं 'अतिक्रमणदार' लिहिलेलं असतं. तो कागद पाहून साहेब आधीच ठरवून बसतो की हा माणूस चोर आहे. म्हणून आम्ही म्हणतो, संस्थेचं नाव म्हणजे तिचा सातबारा आहे. पहिल्या दिवशी त्यावर दुसऱ्याचं नाव चढलं तर पुढं फेरफार करायला जन्म जातो.

आता खरी अडचण सांगतो, कारण ती बैठकीत सगळ्यांसमोर नीट बोलली गेली नाही. तालुक्याच्या गावचे एक व्यापारी आपल्याला खोलीसाठी पत्रे आणि विटा द्यायला तयार आहेत. माणूस वाईट नाही. त्यांची अट एकच, संस्थेला त्यांच्या स्वर्गवासी वडिलांचं नाव द्यायचं. दसऱ्याच्या आत काय ते सांगा म्हणाले. आज आपला वर्ग पारावर भरतो आणि पाऊस आला की पाट्या डोक्यावर धरून लेकरं पळतात. पत्रे नकोत असं म्हणायला जीभ वळत नाही. बैठकीत बरेच जण म्हणालेसुद्धा, नावानं काय अंगाला भोकं पडतात? पत्रे घ्या, नाव लावा, शिकवायचं ते आपणच शिकवू.

हे म्हणणं आम्हाला पटत नाही. नाव लागलं की कार्यक्रमाला खुर्ची लागते. खुर्ची आली की कमिटीत जागा लागते. मग एक दिवस आपल्या वर्गात सातबारा वाचायला शिकवतात हे त्यांच्या सोयऱ्याला खटकतं, कारण त्याच सोयऱ्याच्या बांधाला लागून आपलं गायरान आहे. त्या वेळी आपण काय बोलणार? बोर्डावर तर त्यांचं नाव.

भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात संस्था काढली तेव्हा तिला स्वतःचं नाव दिलं नाही, कुण्या जहागीरदाराचंही दिलं नाही. रयत शिक्षण संस्था म्हणाले. रयत म्हणजे जमीन कसणारी साधी माणसं. पुढं साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजचं नाव बदलून आपलं लावा, मोठी रक्कम देतो, असं एक जण म्हणाला. त्यावर भाऊरावांनी सांगितलं की वेळ आली तर बापाचं नाव बदलीन पण कॉलेजचं बदलणार नाही. ही गोष्ट लोक सांगतात आणि आपल्याकडच्या मास्तरांनाही ती तोंडपाठ आहे. आपली संस्था रयतेएवढी होणार नाही, पण अडचण तीच आहे. आमचं मत असं की व्यापाऱ्यांना मानानं सांगावं, तुमच्या पत्र्यांबद्दल तुमच्या वडिलांचं नाव खोलीच्या भिंतीवर लिहू, संस्थेला लावणार नाही. त्यावर ते नाही म्हणाले तर यंदाचा पावसाळा पारावरच काढू.

बाकी नावांबद्दल. एका पोरानं 'अखिल भारतीय' सुचवलं. आपल्या वस्त्या सहा, त्यात अखिल भारतीय! ते हसण्यावारी गेलं ते बरं झालं. पण 'आदिवासी सेवा', 'आदिवासी उद्धार', 'कल्याण', 'उत्थान' ही नावं बरीच मतं घेऊन गेली, आणि तिथं आम्हाला थांबावं वाटतं. सेवा कुणाची आणि करणारा कोण? उद्धार कुणाचा? या नावांत आपण कायम हात पसरून बसलेले आणि देणारा कुणीतरी दुसरा. एका सोसायटीनं काही वर्षांपूर्वी आपल्याच नावाचा बोर्ड लावून बालवाडी दाखवली होती. बोर्ड आम्ही पाहिला, बालवाडी कुणी पाहिली नाही. तेव्हापासून बोर्डावर 'आदिवासी' हा शब्द दिसला की आम्ही आत लेकरं आहेत का ते आधी बघतो.

'वनवासी' नाव नको, यावर मात्र जवळजवळ सगळे एक होते. तरी कारण लिहून ठेवतो, कारण हे नाव पुन्हा येणार. वनवासी म्हणजे वनात राहणारा. वन गेलं की तो कुठला? आपल्या जिल्ह्यात जंगल किती उरलंय ते भोकरदनच्या डोंगरात जाऊन बघा, डोंगर बोडके झालेत. उद्या कुणी म्हणेल, वन नाही तर वनवासी कुठून आले. आदिवासी म्हणजे आधीपासूनचा रहिवासी. आपला हक्क त्या 'आधी'वरच उभा आहे. गायरानाच्या कामातसुद्धा १४ एप्रिल १९९० च्या आधीचा कब्जा दाखवा म्हणतात. आपण गावोगाव जे जुने दंडाचे कागद आणि पावत्या गोळा करतोय ते सगळे 'आधी'चेच पुरावे आहेत. तो शब्द आपण आपल्या हातानं का सोडायचा?

पुरुषांच्या नावांपैकी एकलव्याचं नाव सगळ्यांत पुढं होतं. तरुण पोरांचं म्हणणं होतं की गुरूनं शिकवलं नाही तरी हा शिकला, मग आपल्या शाळेला दुसरं नाव कशाला. बोलणं खरं आहे आणि पुष्कळ ठिकाणी आपल्या लोकांनी हे नाव अभिमानानं लावलंय. पण आम्हाला त्या गोष्टीचा शेवट बोचतो. शिकला आणि मागितल्याबरोबर अंगठा कापून दिला. आपल्या आजा-पणजांनी सावकाराच्या कोऱ्या कागदावर किती अंगठे दिले ते मोजता येणार नाहीत, आता लेकरांना त्याच गोष्टीच्या पाटीखाली बसवायचं का? बिरसा मुंडा, तंट्या भिल्ल, १८५७-५८ ला खानदेशात इंग्रजांशी लढलेले खाज्या नाईक, नगर-नाशिककडचे भागोजी नाईक, ही नावं आम्हाला जास्त जवळची. यांची माहिती वर्गात शिकवायलाच पाहिजे. आपल्या पुस्तकात ती फारशी सापडत नाही. फक्त एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या सहा वस्त्यांत भिल्ल आहेत, आंध आहेत, पारधी आहेत आणि गायरान कसणारी दलित घरंही आहेत. लढा सगळ्यांचा मिळून चाललाय. एका जमातीच्या पुरुषाचं नाव लावलं की दुसऱ्याला ती त्यांची शाळा वाटेल, हे तोंडानं कुणी बोललं नाही, पण दोन-तीन जण गप्प बसले ते आम्ही पाहिलं.

नावात काय एवढं, हे मराठवाड्यातल्या माणसानं तरी म्हणू नये. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत झाला आणि त्याच रात्रीपासून दलित वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्यात मारले गेले (नांदेडकडचं टेंभुर्णी, आपल्या जाफराबादचं नव्हे). प्रत्यक्ष नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षं! चार अक्षरांनी काय होतंय असं खरंच असतं तर ती अडवायला घरं कशाला जाळली असती? ज्यांनी जाळली त्यांना नावाचं वजन आपल्याहून जास्त कळत होतं.

आणि बाबासाहेब स्वतः नाव कसं ठेवायचे तेही बघण्यासारखं आहे. १९५० ला औरंगाबादला त्यांच्या संस्थेचं कॉलेज निघालं, त्याला मिलिंद हे नाव मिळालं. मिलिंद हा ग्रीक राजा, तो नागसेन नावाच्या भिक्षूला एकामागून एक अवघड प्रश्न विचारत गेला. कॉलेज ज्या माळावर आहे त्याला नागसेनवन म्हणतात. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कॉलेजला आणि उत्तर देणाऱ्याचं माळाला. असं नाव असलं की पोरगं विचारतंच, हा मिलिंद कोण होता? तिथूनच त्याचं शिकणं सुरू होतं.

दुसरा प्रकार आम्हाला आणखी आवडतो, नावच काम सांगतं तो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ डहाणू तालुक्यात कोसबाडच्या वारली लेकरांत काम करत होत्या. लेकरं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, तिला अंगणवाडी म्हणाल्या. गुरं राखणारी पोरं दिवसभर कुरणात असायची, तर शाळा कुरणात नेली आणि तिचं नाव कुरणशाळा. अंगणवाडी शब्द पुढं सरकारनं उचलला, १९७५ पासून देशभर तो चालतो. सातपुड्यात नर्मदेकाठी धरणाविरुद्ध लढणाऱ्या गावांनी स्वतःच्या शाळा काढल्या, त्यांना जीवनशाळा म्हणतात. यातलं एकही नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शाळा न पाहिलेल्या म्हातारीलासुद्धा ते म्हणता येतं. आपल्या बैठकीत 'ज्ञानप्रबोधिनी'सारखं एक जोडाक्षरी नाव आलं होतं, ते सुचवणाऱ्यालाच दोनदा अडखळल्याशिवाय म्हणता येईना.

म्हणून आमच्याकडून एक नाव, 'वावरशाळा'. वावरासाठी लढणाऱ्यांची, वावराच्या बांधावर भरणारी. हे नाव आम्ही सांगितलं तेव्हा मागून एक आजी म्हणाल्या, "काय रे पोरांनो, आमचा जन्म वावरात वाकून गेला. लेकरू वावरातून सुटावं म्हणून शाळेत घालायचं, अन् तुम्ही शाळेलाच वावर म्हणता?" सगळी बैठक गप्प झाली. आजीला चोख उत्तर आमच्याकडं तेव्हा नव्हतं आणि आत्ताही पुरतं नाही. एवढंच म्हणता येईल की आजी ज्यात वाकली ते वावर दुसऱ्याचं होतं, सालगड्याचं जिणं होतं. आपलं म्हणता येईल असं वावर अजून मिळायचंय. पण लेकरानं शेतीच करावी असा अर्थ कुणी त्या नावातून काढला तर तो आम्हालाही नको आहे. उद्या नोकरीच्या अर्जावर हे नाव लिहिताना पोरीला लाज वाटेल का, हेही कुणीतरी विचारलं. वाटू नये असं आमचं मत, पण अर्ज पोरगी लिहिणार आहे. तिला विचारा.

आणि एक. त्या रात्री नावं सुचवणारे सगळे पुरुष होते. बाया निंदण-खुरपणीहून थकून आलेल्या, त्यांना कुणी विचारलंच नाही. आजी बोलल्या त्या स्वतःहून.

पुढची बैठक पोळ्याच्या करीला, दुपारी, म्हणजे बाया अंधाराच्या आत घरी पोचतील. संस्था नोंदणीला १८६० च्या कायद्यानं निदान सात माणसं लागतात, त्यात तीन बाया असाव्यात असं आमचं म्हणणं आहे. अर्जात एकाच नावावर भागत नाही. तेच नाव आधी कुणी नोंदवलेलं असलं तर ते मिळत नाही, म्हणून तीन नावं क्रमानं ठरवून ठेवू. प्रत्येक वस्तीनं आधी आपल्यात बसून दोन नावं काढावीत, त्यातलं एक बायांनी सुचवलेलं असावं. नाव ठेवणाऱ्यानं ते का ठेवलं हे उभं राहून सांगायचं. ज्यांना पत्रे घ्यावेत असं वाटतं त्यांनीही त्या दिवशी मोकळेपणानं बोलावं, मागून कुजबुज नको. व्यापाऱ्यांना उत्तर द्यायला कोण जाणार तेही त्याच बैठकीत ठरवू.