करुणरसाच्या पडद्याआडची ऑफेलिया

ऑफेलियाविषयीची एक समजूत मराठी नाट्यसमीक्षेत इतकी मुरली आहे की तिला पुराव्याची गरजच उरलेली नाही. ही कोवळी, अबोल अमात्यकन्या म्हणजे ‘हॅम्लेट’मधील करुणरसाचे अधिष्ठान, असे एकदा म्हटले की विवेचन संपते. ही समजूत संहितेशी विसंगत आहे. शिवाय ज्या रसविचाराचा ती आधार घेते त्याच्यावरही ती अन्याय करते.

प्रथम संहिता. पोलोनियस मुलीला राजपुत्राच्या भेटी बंद करावयास लावतो आणि पुढे तोच तिला राजाच्या हेरगिरीसाठी आमिष म्हणून उभी करतो. पित्याच्या वधानंतर ती वेडी होते तेव्हा राणी आधी तिची भेट नाकारते. तिच्या तुटक बोलण्यातून लोक घातक तर्क काढतील, असा इशारा दरबारात दिला जातो आणि राजा तिच्यावर पाळत ठेवावयास सांगतो. जी केवळ करुण आहे तिच्यावर कोणती सत्ता पाळत ठेवील?

आता रसविचार. करुण निरपेक्षभावाचा आणि विप्रलंभ सापेक्षभावाचा, हा भरताने केलेला भेद सर्वपरिचित आहे. आशा संपते तेथे करुण सुरू होतो. आज हिंगोली जिल्ह्यात असलेल्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांनी नाट्यशास्त्राचा साक्षेपाने अभ्यास केला. त्यांच्यानंतर तरी या संज्ञा शोभेसाठी वापरण्याची सवलत मराठी समीक्षकाला उरलेली नाही. भरताचा निकष काटेकोरपणे लावला तर ऑफेलिया दीर्घकाळ सापेक्ष आहे: तिला राजपुत्राकडून उत्तर हवे आहे. ही अपेक्षा ज्या घटनेने कायमची तुटते ती घटना म्हणजे पित्याचा वध, आणि तो नायकाच्या हातून झालेला आहे. पहिल्या प्रवेशापासूनच तिला करुण ठरविणारा समीक्षक हा छेदबिंदू पुसून टाकतो व नायकाला दोषमुक्त करतो.

रूपांतरांनी या समजुतीला बळ दिले. आगरकरांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात ‘हॅम्लेट’ मराठीत आणले. ते १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्या श्रमाचे मोल निर्विवाद आहे. पण शीर्षकातच राज्यापेक्षा विकाराला अग्रस्थान मिळाले, आणि शाहूनगरवासी मंडळीच्या प्रयोगाची स्मृती मुख्यतः गणपतराव जोशींच्या चंद्रसेनाची स्मृती होऊन राहिली. तेथे स्त्रीभूमिका पुरुष करीत, हे मात्र कारण पुरेसे नाही; शेक्सपिअरच्या रंगभूमीवरही त्या मुलगेच करीत. दोष केवळ मराठीचाही नाही. मूळ नाटकात ऑफेलियाचा मृत्यू रंगमंचावर घडत नाही. तो राणीच्या कथनातून कळतो. मिलेच्या १८५१–५२ च्या चित्राने तो दृश्य व सुंदर केला. एलेन शोवाल्टर यांनी १९८५ च्या निबंधात अशा चित्रणांचा इतिहासच मांडला. मराठीत तसा हिशेब मांडणे अद्याप बाकी आहे.

त्याची सुरुवात पाचव्या अंकातून करता येईल. ही कुलीन घरची नसती तर तिला पवित्र भूमीत जागा मिळाली नसती, असे तेथे थडगे खणणारे बोलतात. आणि ती कुलीन असूनही धर्मगुरू तिच्या अंत्यविधीत काटछाट करतोच. कुळ, धर्म आणि सत्ता यांचा तिच्या मरणाशी असलेला संबंध त्या अशिक्षित मजुरांना कळला आहे. रसाचे नाव घेऊन डोळे पुसणाऱ्या समीक्षेला तो अजून कळावयाचा आहे.