अब्दाली कोण होणार?

रविवारची दुपार. पुण्यातल्या एका फ्लॅटचं डायनिंग टेबल. त्यावर चार चार्ट पेपर जोडून पानिपत अंथरलेलं. निळ्या स्केचपेनने यमुना, खाली दिल्ली, वर कुंजपुरा, आणि सगळ्या नकाशावर मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं. जुन्या लग्नपत्रिका कापून सोंगट्या केलेल्या. मी त्या मंडळींत पहिल्यांदाच गेलो होतो. कोणी काय व्हायचं हे विचारायच्या आतच मी म्हणालो, "मी भाऊ."

सगळे हसले. "नवा आलेला प्रत्येक जण भाऊच मागतो," यजमान म्हणाले. "आमच्याकडे नियम आहे. नवा माणूस अब्दाली."

खरं सांगतो, मला राग आला. पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो आणि तिथूनच घरी सटकावं का, असा विचार केला. लहानपणापासून ज्या नावाचा उच्चार दात-ओठ खाऊन केला, त्या माणसाच्या खुर्चीत बसायचं? त्याच्या बाजूने डोकं चालवायचं? पण चप्पल दारात, लोकांच्या समोर. बसलो.

हा लेख त्या दुपारबद्दल आहे, आणि नंतर एका घरगुती जेवणात माझ्या मावसभावाने मला जे सुनावलं त्याबद्दलही. "तू अब्दाली झालास? आणि जिंकलास? लाज नाही वाटत इतिहासाचा खेळ करायला?" तेव्हा ताटावर बसलेलो असल्याने गप्प राहिलो. आता उत्तर देतो.

आधी हा प्रकार काय आहे ते. वॉरगेम म्हणजे मोबाइलवर बंदूक घेऊन धावणं नव्हे. नकाशा, सोंगट्या, फासे आणि नियमांची जाडजूड वही. १८२४ च्या सुमारास प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या वडिलांच्या खेळात सुधारणा करून तो अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी पुढे आणला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या विज्ञानकथा लिहिणाऱ्या लेखकाने खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचे नियम पुस्तकात छापले. १९५० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी हा खेळ खोक्यात घालून दुकानात आणला. तेव्हापासून जगभर माणसं वॉटर्लू आणि गेटिसबर्ग टेबलावर पुन्हा पुन्हा लढतायत. आपल्याकडे असे खेळणारे थोडे. आयात केलेला खोका महाग, नियम इंग्रजीत. म्हणून आमच्यातल्या दोघांनी वर्षभर पुस्तकं चाळून हा घरचा खेळ बनवला.

आता ती दुपार. एक पाळी म्हणजे एक आठवडा. नोव्हेंबर १७६० ची सुरुवात ते १४ जानेवारी १७६१, अशा अकरा पाळ्या. अब्दालीच्या खुर्चीत बसल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की तोही घाबरलेला असणार. भाऊंनी ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा मारून तिथलं धान्य आणि दारूगोळा घेतला. अब्दाली यमुनेच्या पलीकडे अडकलेला. बागपतजवळ त्याने भर पाण्यात फौज घातली आणि नदी ओलांडली. त्यानंतर तो मराठे आणि दिल्ली यांच्या मधे होता. म्हणजे त्याने आपली वाट अडवली, तशी आपणही त्याची काबूलकडची वाट अडवली होती. दोघेही घरापासून तुटलेले. फरक एकच. दुआबातला नजीबखानाचा मुलूख त्याला धान्य पुरवत होता. आपल्याला कोण पुरवणार? गोविंदपंत बुंदेले दुआबात ती रसद तोडायचं काम करत होते. डिसेंबरात ते मारले गेले.

टेबलावर हे सगळं वहीतल्या आकड्यांनी होतं. दर पाळीला धान्याच्या सोंगट्या उचलायच्या. भाऊ झालेला गडी बँकेत नोकरी करणारा, हिशेबाला पक्का. त्याच्याकडे इब्राहिमखान गारद्याच्या तोफा, माझ्यापेक्षा जड. पण त्याच्या छावणीत पांढऱ्या सोंगट्यांचा ढीग होता. बुणगे. यात्रेकरू, बायका, कारकून, व्यापारी, नोकरचाकर. लढत नाहीत, जेवतात. तिसऱ्या पाळीपर्यंत मी नुसता बसून होतो आणि जिंकत होतो. मला काहीच करावं लागत नव्हतं. ते बसून जिंकणं फार वाईट वाटत होतं.

सातव्या पाळीला तो म्हणाला, "बुणगे इथेच सोडून नुसती फौज काढली तर?"

पंच म्हणाले, "नियमात बसतं. मागे राहिलेल्यांचं काय होईल, ते अब्दालीला विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मला द्यायचं होतं. मी म्हणालो, "माझं घोडदळ मोकळं आहे. ते त्यांच्याकडे वळेल." एवढंच बोललो. त्याने हातात घेतलेली सोंगटी परत ठेवली. पुढचा अर्धा तास कोणी विनोद केला नाही.

शेवटच्या पाळीला धान्य शून्य झाल्यावर त्याने पांढऱ्या सोंगट्या मधे घेतल्या, भोवती फौज लावली आणि दिल्लीच्या दिशेने निघाला. गोलाची लढाई! शाळेपासून हा शब्द मला पाठ होता. "भाऊंनी गोलाची लढाई ठरवली," एक मार्क. गोल कशासाठी, कोणाला मधे ठेवायला, दुसरा कोणता पर्याय नाकारून, हे मला पहिल्यांदा त्या दिवशी कळलं. आणि ते कळलं अब्दालीच्या खुर्चीतून.

मावसभाऊ, आता तुझा मुद्दा. इतिहासाचा खेळ करू नये म्हणतोस. तुझ्या फोनवर दर १४ जानेवारीला पानिपतचं स्टेटस असतं. मागे ढोल, धुरात घोडे, वर "आम्ही हरलो नाही" छापाची ओळ. तीस सेकंदांत संपतं. त्यात बुणगे नसतात, उपाशी बैल नसतात, गोविंदपंत नसतात. अब्दाली असतो, पण डोळ्यांत काजळ घातलेला राक्षस म्हणून, कारण राक्षसाला डावपेच लागत नाहीत. मग आपण हरलो कसे? एक तर फितुरीने, नाहीतर नशिबाने. आपल्याकडे प्रत्येक पराभवाला हीच दोन उत्तरं तयार असतात. खेळ कोण करतंय मग, तू की मी?

शत्रूला अक्कल होती हे मान्य केल्याने आपल्या माणसांचा अपमान होत नाही. मूर्खाशी लढून मेले म्हणण्यात त्यांचा जास्त अपमान आहे.

ज्यांचं नाव घेऊन ही स्टेटसं फिरतात त्यांचंच पाहा. १६६५ मध्ये पुरंदरला मिर्झाराजांसमोर महाराजांनी २३ किल्ले दिले आणि १२ राखले. समोरच्याकडे किती ताकद आहे, तो किती दिवस तळ ठोकू शकतो, याचा हिशेब केल्याशिवाय हा तह होत नाही. आज कोणी असा तह केला तर आपल्या कमेंटवाल्यांनी त्याला त्याच संध्याकाळी गद्दार ठरवलं असतं. महाराज समोरच्याच्या खुर्चीत बसून विचार करू शकत होते. आपण त्यांचा पुतळा उभारतो आणि ती खुर्ची फेकून देतो.

ती खुर्ची फेकली की काय होतं याचं एक उदाहरण जपानचं. १९४२ च्या मे महिन्यात जपानी आरमाराने मिडवेच्या मोहिमेचा सराव टेबलावर केला. फाशांनी कौल दिला की अमेरिकी विमानांचे नऊ बॉम्ब लागले आणि विमानवाहू जहाजं बुडाली. सराव चालवणाऱ्या वरिष्ठाने हुकूम केला, नऊ नाही, तीनच धरा. बुडालेलं एक जहाज पुढच्या टप्प्यात पुन्हा खेळात आणलं. ही हकीकत जपानी अधिकाऱ्यांनीच पुढे लिहून ठेवली. जूनमध्ये खऱ्या समुद्रात अकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू ही चार विमानवाहू जहाजं बुडाली. तिथे नऊचे तीन करायला कोणी पंच नव्हता. इतिहासाची स्टेटसं बनवणारे आपण सगळे रोज नऊचे तीन करत असतो.

दुसरा आक्षेप माझ्या एका मैत्रिणीचा, आणि तो जास्त जड आहे. ती म्हणते, युद्धाचा खेळ करणाऱ्यांना युद्धाची चटक लागते, मेलेली माणसं पुठ्ठ्याचे तुकडे होतात. हे मी उडवून लावणार नाही. वेल्सना वाटत होतं की टेबलावरचं युद्ध चार वेळा खेळलेला माणूस खऱ्या युद्धाला भिईल. पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. प्रशियाने हा खेळ लढाया जिंकायलाच शिकवला. आणि हौशी मंडळींतही असे भेटतात, ज्यांना रणगाड्याच्या पोलादाची जाडी तोंडपाठ असते आणि त्या रणगाड्याखाली कोण आलं याच्याशी देणंघेणं नसतं. बऱ्याच खेळांत बुणग्यांची सोंगटीच नसते. माझं भांडण अशा खेळांशीही आहे. पांढऱ्या सोंगट्या काढून टाकलेलं पानिपत आणि तीस सेकंदांचं स्टेटस यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

म्हणून माझी मागणी दोन्ही बाजूंना एकच आहे. टेबलावर सगळे आणा. शत्रू आणा, त्याच्या अडचणींसकट. बुणगे आणा, त्यांच्या भुकेसकट. मग खेळा.

आणि आपल्याला हे परकं नाही. दिवाळीत किल्ला कोणी केला नाही? गोणपाट चिखलात बुडवायचं, दगडांवर टाकायचं, अळीव पेरायचे, वर सिंहासन, पायऱ्यांवर मावळे, बुरुजावर तोफ. जगातला कुठलाही वॉरगेमवाला हे पाहून तोंडात बोट घालेल. पण आपला किल्ला बघायचा असतो, खेळायचा नसतो. तोफ रोखलेली असते आणि समोर कोणीच नसतं. समोर चपला असतात.

यंदा माझ्या भाचीने पन्हाळा केला. मी तिला म्हणालो, खाली सिद्दी जौहरची छावणी मांडूया. ती म्हणाली, "शी, त्याला कशाला?" मी म्हणालो, तो १६६० च्या भर पावसाळ्यातही वेढा उठवत नाहीये. का उठवत नसेल? तिने विचार केला. मग घरातून काड्यापेट्या आणून तंबू मांडले, गडाच्या चारी बाजूंनी. मांडून झाल्यावर वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "मामा, मग वरच्या लोकांनी काय खाल्लं?"

मावसभाऊ, पुढच्या रविवारी ये. नियम माहीत आहे ना? नवा माणूस अब्दाली.