जुन्या यंत्राला नवा ड्रायव्हर?



दिवाळीच्या साफसफाईत पेढीच्या माळ्यावरून कधी कधी एखादा जुना लॅपटॉप खाली येतो. माझ्या धाकट्या बंधूंच्या दुकानात असाच २००२ सालचा, विंडोज ९८ असलेला लॅपटॉप निघाला. पुतण्या लहानपणी त्यावर मोटारशर्यतीचे खेळ खेळत असे. आता तेच खेळ त्याच्या मुलाला हवे होते. पुतण्याने उत्साहाने सापडला तो सर्वांत नवा ग्राफिक्स ड्रायव्हर त्यात घातला. यंत्र पुन्हा सुरू केले, तो पडदा काळाच! तेव्हा बंधूंना आठवले, वाटणीपूर्वीचे हिशेब याच डिस्कवर आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर हिशेब सुखरूप मिळाले. परंतु तो एक तास घरात कोणी कोणाशी बोलले नाही.

म्हणून पहिला नियम असा, की आधी डिस्कची संपूर्ण नक्कल करावी, खेळ नंतर.

ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणजे संगणकप्रणाली आणि चित्र उमटवणारी चिप यांच्यामधला दुभाषा. नव्या दुभाष्याला नव्या खेळांची भाषा उत्तम येते, जुन्यांची येतेच असे नाही. उदाहरणार्थ, १९९८ च्या सुमारास काही खेळ केवळ २५६ रंगांच्या तक्त्यावरून चित्रांचे पृष्ठभाग रंगवीत. एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्स मालिकेपर्यंतच्या चिपना ही पद्धत अवगत होती. जीफोर्स ६ पासून ती वगळली गेली. याच कंपनीचा विंडोज ९८ साठीचा ८१.९८ हा अखेरचा ड्रायव्हर २००५ च्या डिसेंबरमधला आहे. तरीही जुन्या खेळांचे अनेक जाणकार २००३ सालचा ४५.२३ पसंत करतात. जशी पावती तशी खतावणी, हा न्याय येथेही लागू पडतो. ड्रायव्हर शक्यतो चिपच्या आणि खेळाच्या काळाचा असावा.

लॅपटॉपच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. डेस्कटॉपचे ड्रायव्हर त्या काळी चिपची कंपनी थेट देत असे. लॅपटॉपचे मात्र लॅपटॉप बनवणारी कंपनी देई. एनव्हिडियाने लॅपटॉपसाठी थेट ड्रायव्हर देण्यास २००८ च्या अखेरीस सुरुवात केली. पडदा, प्रकाश कमीजास्त करण्याच्या कळा, यंत्राची झोप या गोष्टी प्रत्येक लॅपटॉपमध्ये निराळ्या जुळवलेल्या असतात. म्हणून प्रथम लॅपटॉपच्या कंपनीनेच दिलेला ड्रायव्हर घालून पाहावा. मूळ सीडी घरात असेल तर ती सोन्यासारखी जपावी.

त्याने काम भागले नाही, तरच दुसरा शोधावा. त्याआधी चिपचे नेमके नाव आणि ओळखक्रमांक वहीत उतरवून घ्यावा. जुना ड्रायव्हर रीतसर काढल्यावरच नवा घालावा. एका वेळी एकच बदल करावा व त्याची तारीखवार नोंद ठेवावी. पडदा काळा झाला, तर सुरू होताना एफ ८ कळ दाबून सेफ मोडमध्ये जावे आणि तो ड्रायव्हर काढून टाकावा. चित्र ताणलेले दिसत असेल, तर ड्रायव्हर बदलण्यापूर्वी त्यातील पडद्याच्या मापाची निवड तपासावी. दोष बहुधा तेथेच सापडतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुरक्षिततेची. विंडोज ९८ ची सुरक्षा-दुरुस्ती २००६ मध्ये थांबली, एक्सपीची २०१४ मध्ये. असे यंत्र इंटरनेटला अथवा दुकानाच्या हिशेबाच्या संगणकाला कधीही जोडू नये. ड्रायव्हर आजच्या संगणकावर उतरवून, विषाणूंसाठी तपासून, सीडीवरून न्यावा. विंडोज ९८ पेनड्राइव्ह आपोआप ओळखत नाही, हेही ध्यानात असावे. फुकट ड्रायव्हरसोबत आणखी काही उतरवण्याचा आग्रह झाला, तर तेथून परत फिरावे. कोऱ्या कागदावर सही करू नये, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

अखेर कंपनीचा जुनाच ड्रायव्हर पुन्हा घातला आणि खेळ सुरू झाला. नवे यंत्र विकत घ्यावे लागले नाही. अपरिग्रहाची एवढी छोटी सवय मुलांनी घरातच पाहिली, हेही समाधान. बंधूंनी हिशेबांच्या दोन प्रती करून एक माझ्याकडे ठेवली आहे.

जय जिनेंद्र.