झेरॉक्सचं पुढे काय होतं?

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं-भाचरं परदेशात आहेत. तिथून अडीअडचणीला पैसे येतात ते कधी बँकेत, तर कधी नाक्यावरच्या दुकानात. दुकानात नंबर सांगायचा, ओळखपत्राची झेरॉक्स द्यायची, सही करायची आणि नोटा मोजून घ्यायच्या. रिझर्व्ह बँकेची ही 'मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीम'. एका वेळी फार तर २५०० डॉलर, एका माणसाला वर्षातून ३० वेळा. रोख मिळतात ५०,००० रुपयांपर्यंत, त्यापुढचे चेकने नाहीतर खात्यात.

मला पडलेला प्रश्न त्या झेरॉक्सचा आहे. २००२ च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यात आधी नोंदी दहा वर्षं जपायच्या होत्या. २०१२ च्या दुरुस्तीनं त्याची पाच झाली. कुणी, कुणाला, किती, कधी दिले हे सगळं पुन्हा जुळवता येईल अशी नोंद हवी. ओळखीचे कागद तर ग्राहकाशी संबंध संपल्यावरही पाच वर्षं. हे मला पटतं. शाळेचं जनरल रजिस्टर कायम जपतात, म्हणून तर म्हातारपणीही माणसाला जन्मतारखेचा दाखला मिळतो. (आमच्या रजिस्टरला वाळवी लागू नये म्हणून शिपायाच्या मागे किती लागावं लागे, ते मलाच ठाऊक!)

पण रजिस्टर मुख्याध्यापकांच्या कुलपात असे. माझं आधार कार्ड मात्र बांगड्या आणि रिचार्ज विकणाऱ्या दुकानाच्या उघड्या खणात. निदान पाच वर्षं ठेवा, हे सगळे सांगतात. नंतर फाडा, हे कोण सांगणार? २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा काम संपल्यावर माहिती पुसायला सांगतो खरा, पण तो डिजिटल माहितीपुरता. संगणकात न चढवलेली कागदी झेरॉक्स त्यात बसतच नाही! माझ्या मते दुकानात कागद राहूच नये. तो मुख्य एजंटकडे जावा आणि कधी नष्ट होणार ती तारीख पावतीवर छापावी.

तोवर मी झेरॉक्सवर आडवं लिहिते : 'फक्त अमुक रक्कम घेण्यासाठी', खाली तारीख आणि सही. आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रतही मिळते, ती आधी पुढे करते. दुकानदार म्हणाला, "बाई, एवढं कुणी लिहीत नाही." म्हटलं, मग आजपासून सगळ्यांना लिहायला सांगा.